सतापाचे तीन घोट

पासो इंगा, ६ जून १९९३

ताचो,

तुझं पत्र बसवाल्या मेंदिएताने आणून दिलं. पाकीट हातात ठेवताना म्हणाला, "रोसारिओहून आलंय बाई, भावाचं दिसतंय." मी म्हटलं, मला भाऊ नाही, पण तुझा हेलपाटा वाया जायला नको म्हणून ठेवून घेते. दोन दिवस पिठाच्या डब्यावर पडून होतं. तिसऱ्या दिवशी फोडलं.

सात वर्षांनी लिहितोस आणि लिहितोस काय, तर चार साहेब, तीन तंबू, बेटावर तीन रात्री, सप्टेंबरात दोरादो मासा लागेल का, आणि होडी कोण चालवेल. माझ्या गेलेल्या नवऱ्याचं, लिनोचं, नाव नाही. मी जिवंत आहे का मेले, तेही विचारलं नाहीस. जिवंत आहे. होडी मीच चालवते. नवऱ्याची होडी, नवऱ्याचं जाळं, आणि नदीच्या पट्ट्यावरची त्याची जाळं टाकायची पाळीसुद्धा मीच राखली आहे. बाईमाणूस असून राखली आहे, आणि वस्तीत कोणाची टाप नाही वाकडं बोलायची.

मासेमारीच्या सामानाच्या दुकानात कामाला आहेस म्हणे. चांगलं आहे. ज्याने पाणी सोडलं त्याने गळ विकावेत. तुझ्या साहेबांना सांग, सप्टेंबरात दोरादो लागतो. नदी उतरलेली असते, मासा भुकेला असतो आणि माणसाला ओळखत नाही.

शेवटी "आभार" लिहिलं आहेस. आपल्याकडे येर्बाच्या कडू चहाचा तुंबा परत देताना आभार म्हटलं की त्याचा अर्थ पुरे, आता मला नको. एवढंही विसरलास. की आठवणीनेच लिहिलंस?

विचार करून कळवते.

सुनिल्दा

पासो इंगा, २० जून

ताचो,

विचार केला. साहेब लोक येऊ देत. तुझ्यासाठी नाही, होडीला नवं इंजिन हवं आहे म्हणून. आता नीट वाच, कारण मी दोनदा लिहिणार नाही.

तंबू वाळूवर ठोकायचे नाहीत. शहरातल्या माणसाला वाळू दिसली की तो लोळायला बघतो. इथे थेंब पडला नाही तरी नदी चढते. पाऊस तिकडे वर ब्राझीलमध्ये पडतो आणि पाणी आपल्या अंथरुणात येतं. बेटाच्या उंच अंगाला, वाळुंजाच्या झाडांमागे जागा आहे, तिथेच. लिनोने चूल मांडली होती त्या जागी. दगड अजून आहेत, काळे.

पाण्यात उतरताना पाय उचलायचे नाहीत, घासत चालायचं. वाळूत पाकट दडलेले असतात. तुझ्या एखाद्या साहेबाला नांगी लागली तर तीन दिवस आईच्या नावाने ओरडेल आणि तीन दिवस मला ऐकावं लागेल. मासा धुतलेल्या पाण्यात हात घालायचा नाही, दातेरी पालोमेता मासा बोटाचं टोक नेतो. डासांसाठी शेणाच्या गोवऱ्या मी आणते. त्या धुरात नाकं मुरडायची असतील तर त्यांनी रोसारिओच्या हॉटेलात बसून मासा खावा.

गळ मोठे आण. गळाआधी वीतभर तार हवी, दोरादो नुसती दोरी दातांनी तोडतो, हे तुला दुकानात शिकवलं असेल. नसेल तर लिनोने शिकवलं होतं, तू नऊ वर्षांचा होतास. जिवंत आमिष मी आदल्या दिवशी पाणवनस्पतीत जाळी फिरवून धरून ठेवीन. तांदूळ, कांदे, तेल तुम्ही आणा. मांदिओकाचे कंद माझ्या परसातले आहेत. दारू तुम्ही आणा आणि तुम्हीच प्या.

आता मुद्द्याचं. बेटाचं तोंड पट्ट्यावर येतं. तुला वाटत असेल की नदी काय कोणाच्या बापाची आहे. नदी नाही, पण पट्टा आहे. तळातले ओंडके, खुंट, बुडालेली झाडं ज्यांनी दरवर्षी बुड्या मारून कापून काढली, पट्टा त्यांचा. म्हणून तिथे कोणाचं जाळं फाटत नाही. जो साफसफाईला येत नाही त्याला पाळी नाही. आणि ज्याने दोर सोडला त्याला तर पाण्यात पायही नाही. हा नियम मी केलेला नाही. तो तुला पाठ आहे.

तेव्हा तू येणार असशील तर मला म्हाताऱ्या कांदेलारिओला विचारावं लागेल. तो अजून आमचा मुकादम आहे, अजून तसाच ठसकतो आणि अजून कोणाचं ऐकत नाही. साहेबांना एकट्यांना पाठवलंस तर विचारायची गरज नाही. काय करायचं ते कळव.

सुनिल्दा

पासो इंगा, ४ जुलै

ताचो,

"मला यायचंच आहे, तू विचारून बघ." एवढीच एक ओळ. बरं. विचारलं.

कांदेलारिओ काका जाळं विणत दारात बसला होता. मी तुंबा भरून दिला. तो ओढत राहिला, मी बोलत राहिले. साहेबांचं सांगितलं, इंजिनाचं सांगितलं. मग तुझं नाव घेतलं. त्याने तुंब्याची नळी तोंडातून काढली.

"कोण, तो? दोर सोडून काठावर दारू प्यायला गेलेला?"

"सात वर्षं झाली, काका."

"पोरी, तुझा नवरा खाली होता. कमरेला दोर, तोंडात हवेची नळी, हातात करवत. दोनदा दोर ओढला की वर घ्यायचं, एवढंच काम होतं त्या गाढवाचं. दोन हात आणि एक दोर. ते सोडून तो गेला. आम्ही पोचलो तेव्हा त्याच्या तोंडाला वास येत होता, हातात बाटली होती. आणि तूच आज त्याची वकिली करतेस? तुझ्या जागी दुसरी असती तर त्याच्या नावाने थुंकली असती."

"मी वकिली करत नाही. विचारायला सांगितलं, विचारलं."

"मग उत्तर सांग त्याला. दोर धरणाऱ्याने आईची हाकसुद्धा ऐकायची नसते. तो माझ्या पट्ट्यात आला तर मी स्वतः त्याची होडी उलटी करीन. माझं वय एकोणऐंशी आहे, पण तेवढं मला जमेल."

मग त्याने तुंबा परत दिला आणि मला आभार म्हणाला.

झालं तुझं समाधान? वाटेत मला हसू येत होतं, खोटं कशाला सांगू. चांगली जिरली, असं वाटलं. घरी येऊन चूल पेटवली, भात टाकला आणि तो करपेपर्यंत तशीच बसून राहिले.

साहेबांना पाठव. तू येऊ नकोस.

सुनिल्दा

पासो इंगा, १८ जुलै

ताचो,

म्हणजे साहेब नाहीतच.

चार जण नाहीत, तीन तंबू नाहीत, दुकानही तू वर्षापूर्वीच सोडलंस. एकच माणूस, एकच तंबू. "नुसता भाऊ म्हणून लिहिलं असतं तर तू पाकीट फोडलं नसतंस. गिऱ्हाईक म्हटलं की निदान हिशेबाला तरी बसशील." हे तुझे शब्द. लहानपणापासून तू असाच, पुढच्या दाराने हाकललं की मागच्या दाराने यायचं. आणि मी इकडे गोवऱ्या साठवते आहे. चार पाहुण्यांच्या उश्यांना अभ्रे शिवले आहेत. मूर्ख मी.

इतका राग आला की पत्र चुलीत घालायला निघाले होते. मग खालची ओळ वाचली.

"मी कोणाला काही सांगितलं नाही, ताई, आणि सांगणारही नाही. वस्तीने मला काय समजायचं ते समजू दे. पण तू तरी मला एकदा सांग. कधी कधी मलाच वाटतं की तू हाक मारलीच नव्हतीस, मीच ती मनाने रचली."

कशाला लिहिलंस हे? सात वर्षं गप्प होतास, बरा होतास. मला वाटायचं, विसरला. किंवा मला वाटायचं, त्याला तेव्हाच कळलं नव्हतं, तरुण होता, डोक्याने जरा कमीच होता. मी स्वतःला काय काय सांगितलं आहे याची तुला कल्पना नाही.

आज यापुढे लिहिवत नाही. मेंदिएता हॉर्न वाजवतो आहे.

सु.

पासो इंगा, २३ जुलै

ताचो,

मागच्या रविवारपासून चार पत्रं लिहिली आणि चारही फाडली. हे पाचवं. हे फाडायच्या आत मेंदिएताच्या हातात द्यायचं ठरवलं आहे.

त्या दिवशी पहिला ऑगस्ट होता. सगळ्या वस्तीने सकाळी उपाशीपोटी सतापाचा पाला घातलेल्या दारूचे तीन घोट घेतले होते. ऑगस्ट माणसं नेतो, आणि तीन घोट घेतले की नेत नाही. आई घ्यायची, आजी घ्यायची. आईने एका वर्षी घेतले नाहीत आणि ती त्याच महिन्यात गेली, तू सहा वर्षांचा होतास. तेव्हापासून मी या बाबतीत कोणाचं ऐकत नाही, तुला माहीत आहे. सताप मी मार्चमध्येच बाटलीत घालून ठेवते.

लिनो हसला. म्हणाला, "बाई, मला खाली करवत चालवायची आहे, डोकं जागेवर हवं. वर आलो की तीन काय, तीस घोट घेतो." आणि गेला. मी घरात फेऱ्या मारल्या. झाडलं, परत झाडलं. शेवटी बाटली शालीखाली घेतली आणि काठावर आले. म्हटलं, तो वर आल्या क्षणी पाण्यातच पाजू, ऊन डोक्यावर यायच्या आत. ऊन डोक्यावर आलं की त्याचा गुण जातो.

तुमची होडी काठापासून पंधरा पावलांवर होती. काठाजवळचा एकच खुंट, म्हणून तुम्ही दोघंच. बाकीचे खालच्या वळणावर. तू दोर धरून उभा होतास. छान उभा होतास. पाय रोवून, नजर पाण्यावर, जसं शिकवलं तसं.

मी हाक मारली. ताचो, मी हाक मारली. तू मनाने रचली नाहीस.

तू मान हलवलीस, नाही म्हणून. मी पुन्हा मारली. तिसऱ्यांदा मी आईसारखी मारली, पूर्ण नावाने, "अनास्तासिओ, इकडे ये म्हणते ना." तुला मी वाढवलं होतं. त्या आवाजाला तू सहाव्या वर्षापासून येत होतास. तू दोर बाकाला बांधलास, दोन गाठी मारल्यास, चार हात पोहून मग कमरेएवढ्या पाण्यातून चालत आलास. म्हणालास, "बोल लवकर, काका बघेल तर जीव घेईल."

मी म्हटलं, ही बाटली होडीत ने, तो वर आला की आधी पाज. आणि तू घेतलेस का सकाळी? तू म्हणालास, राहिले. तर मी तुला तिथेच उभं करून पाजले. एक, दोन, तीन. तू तोंड वाकडं केलंस, मी तुझ्या पाठीत धपाटा घातला आणि म्हटलं, घोड्या, मरायचं आहे का तुला. आपण हसलो. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. आपण हसलो.

मग होडी हलताना दिसली. वारा नव्हता. होडीचं टोक खाली जात होतं आणि वर येत होतं. किती वेळ हलत होती ते ना तुला माहीत, ना मला.

पुढचं तुला ठाऊक आहे. नळी फांदीत अडकून तोंडातून निसटली होती. त्याने दोर ओढला असणार, दोनदा नाही, खूपदा. वर धरायला कोणी नव्हतं. बाक होता.

कांदेलारिओ काकाने विचारलं, दोर कोणी सोडला. तू माझ्याकडे बघितलंस. मी लिनोच्या पायाकडे बघत होते. मग त्याने मला विचारलं, तू कधी आलीस? मी म्हटलं, आरडाओरडा ऐकून आले. मला विचार करावा लागला नाही रे. सरळ तोंडातून आलं. आणि तू काही बोलला नाहीस. आठवड्याने निघून गेलास.

मी त्याला वाचवायला बाटली नेली होती. जिने ऑगस्टपासून राखायचं, तिनेच त्याला ऑगस्टच्या हाती दिलं. हे मी कोणाला कुठल्या तोंडाने सांगणार होते? तुझ्यावर चिडणं सोपं होतं. खोटं नाही सांगत, पहिल्या वर्षीच मला ते खरं वाटायला लागलं. लोक तुझ्या नावाने बोटं मोडायचे तेव्हा मीही मोडायचे, आणि मनापासून मोडायचे.

हवं होतं ते मिळालं तुला. आता माझ्याकडे काही मागू नकोस.

सुनिल्दा

पासो इंगा, २ ऑगस्ट

ताचो,

तुझं उत्तर आलेलं नाही. येईल असं वाटतही नाही. मेंदिएताला दोनदा विचारलं, तो म्हणतो, "बाई, असलं तर मी काय खाणार आहे का ते?"

काल साफसफाईचा पहिला दिवस होता. सगळे काठावर जमले, अकरा होड्या. बाटली दरवर्षी माझीच असते. विधवेच्या हातची म्हणजे गुणाची, असं म्हणतात. मी एकेकाला तीन घोट दिले. कांदेलारिओ काकाला शेवटी दिले. मग त्याने बाटली माझ्यापुढे धरली, की आता तू घे.

मी घेतली नाही. मी म्हटलं, काका, त्या दिवशी ताचोला काठावर मी बोलावलं होतं. तीनदा बोलावलं. दारू मी पाजली. हीच.

कोणाच्या तरी होडीचं इंजिन चालू होतं, ते कोणीतरी बंद केलं. काकाला ऐकू कमी येतं म्हणून मला वाटलं त्याला कळलं नाही. मी पुन्हा म्हटलं. तो म्हणाला, "पहिल्याच वेळी ऐकलं." मग उकिडवा बसला. त्याला धरून उठवावं लागलं.

"त्याने हाकेला जायला नको होतं," तो म्हणाला. "ती चूक त्याचीच. पण ती पोराची चूक होती. आम्ही त्याला दारुड्याची चूक म्हणून शिक्षा दिली. सात वर्षं आम्ही एका माणसाला पाण्याबाहेर ठेवलं, सुनिल्दा. तुझ्या गप्प बसण्यावर ठेवलं."

"हो," मी म्हटलं.

"लिनोची पाळी आजपासून त्याची. येवो न येवो, त्याच्या नावाने रिकामी राहील. आणि तू सात वर्षं पाण्यात पाय घालायचा नाही."

कोणी माझी बाजू घेतली नाही. मीही घेतली नाही. उरलेली बाटली मी घरी आणली. माझे घोट राहिले ते राहिलेच.

होडी काल संध्याकाळी त्यांच्यासमोर वर ओढून घेतली. तळाला डांबर मारलं आहे. इंजिन जुनंच आहे, सुरू करताना दोनदा दगा देतं, तिसऱ्यांदा लागतं. जाळं मांडवात टांगलं आहे. पाळी सप्टेंबरच्या दुसऱ्या सोमवारी आहे. म्हणजे तू म्हणाला होतास तोच आठवडा. एकट्याला एक तंबू पुरेल, पण उंच अंगालाच ठोक. आमिष धरून ठेवता येणार नाही मला, त्यासाठी पाण्यात उतरावं लागतं. ते तुझं तुला बघावं लागेल. मांदिओका उकडून फडक्यात बांधून होडीत ठेवीन. गोवऱ्याही ठेवीन. चार अभ्र्यांमधला एक ठेवीन, बाकीचे उसवून टाकले.

तुला मला भेटायचं नसेल तर घरात येऊ नकोस. इंजिनाची किल्ली होडीच्या बाकाखाली आहे, सरळ तिकडून जा. मला राग येणार नाही, आणि आला तरी मला तो करायचा आता अधिकार नाही. पण ये. तुझ्याशिवाय त्या पाण्यात आता आपलं कोणी नाही.

मी काठावर उभी असेन, त्या दिवशी होते तिथेच. तू तुझं काम कर. मी हाक मारणार नाही.

सुनिल्दा